ब्याऐंशी कोऱ्यांच्या बदल्यात एक पिवळा

आमच्या गल्लीतल्या कवळीवाल्यानं ब्याऐंशी कॉमिक देऊन एक कॉमिक घेतलं, ही बातमी सकाळी नऊला सुटली आणि साडेनऊला लाँड्रीवाल्यापर्यंत पोचली. मला ती आदल्या दिवशीच ठाऊक होती. पण तसं सांगून लाँड्रीवाल्याची सकाळ कशाला खराब करायची? त्यानं तोंड भरून सांगितलं, मी तोंड वासून ऐकलं.

दुपारपर्यंत कारणंही तयार झाली. एक म्हणे, त्या अंकासाठी बाहेर कुठला तरी वेडा श्रीमंत घराएवढी किंमत मोजायला बसलाय. दुसरं, तो अंक देणाऱ्या पोस्टमास्तरांनी त्याला बरोबर गंडवलं. तिसरं, पोरगा गेल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. हे तिसरं बोलताना लोक आवाज खाली आणत आणि चटकन पहिल्यावर येत, कारण पैशांबद्दल मोठ्यानं बोलता येतं.

आता यातलं पहिलं आणि दुसरं कारण पिकलं त्या जमिनीची मशागत गेली कित्येक वर्षं मीच केली होती. कवळीवाल्याच्या कॉमिकवेडाच्या गोष्टी या गल्लीला पुरवल्या कुणी? मीच. तेव्हा खरं काय झालं तेही मीच सांगावं हे बरं.

कवळीवाला म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतो, हिरड्यांचं माप घेतो आणि ते माप पिशवीत घालून याच्याकडे पाठवतो. हा त्यात प्लास्टर ओततो, मेणाच्या हिरड्या करतो, त्यात एकेक दात रोवतो, शिजवतो, घासतो, चमकवतो. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक दिवा, भिंतीला लांब फळी. त्या फळीवर अर्ध्या गल्लीचं हसू वाळत पडलेलं असायचं.

"हे कुणाचे रे?" मी विचारायचो.

"तोंडाचे."

"कुणाच्या तोंडाचे?"

"जो असल्या चौकशा करत नाही त्याच्या."

पंचवीस वर्षांत एक नाव म्हणून त्यानं फोडलं नाही. माझ्यासारख्या माणसाला त्या खोलीत बसणं म्हणजे हलवायाच्या दुकानात तोंडाला पट्टी बांधून बसण्यासारखं होतं. तरी मी रोज जायचो. त्याचे हात बघायला जायचो, असं म्हटलं तरी चालेल. जाड बोटांचा माणूस, पण तांदळाएवढा दात चिमट्यात धरून केसभर डावीकडे सरकवायचा आणि श्वास रोखून बघायचा. मग म्हणायचा, "हं. आता हा माणूस हसेल."

स्वतः मात्र फारसा हसत नसे. हसायचा तो कॉमिक बघताना.

'कप्तान पाणकोंबडा' नावाचं एक कॉमिक आमच्या लहानपणी निघायचं. पंधरवड्याला एक अंक, चोवीस पानं. लठ्ठ कप्तान, निळा कोट, गळकी बोट, आणि एक ऑक्टोपस आचारी जो एका वेळी आठ कप चहा आणायचा आणि आठही सांडायचा. एकशे बारा अंक निघाले आणि छापखाना बसला. आम्ही सगळ्यांनी ते वाचले, फाडले, विसरलो. कवळीवाला विसरला नाही, कारण त्यानं ते वाचलेच नव्हते. पेपरवाल्याच्या टपरीवर सुतळीला चिमट्यांनी हे अंक टांगलेले असायचे आणि हा शाळा सुटल्यावर खाली उभा राहून नुसती मुखपृष्ठं बघायचा. पेपरवाला म्हणायचा, "घ्यायचं तर घे, नाहीतर हात लावू नकोस." घ्यायला खिशात काही नसायचं. मग तो हात मागे बांधून बघत उभा राहायचा.

कमावायला लागला तसा तो हे अंक शोधायला लागला. रद्दीच्या दुकानांत, जुन्या बाजारात, बायकांच्या माहेरी राहिलेल्या ट्रंकांत. आणि नुसता अंक नको, कोरा पाहिजे. चिमट्याचा वळसुद्धा नको.

"एवढे पैसे देतोस," मी एकदा म्हटलं, "वाचून असं काय ज्ञान मिळणार आहे?"

"वाचायचंय कुणाला?"

"मग?"

त्यानं चिमटा खाली ठेवला. मग एखाद्या मठ्ठ मुलाला समजवावं तसं म्हणाला, "हे पोरांसाठी छापलेलं. पोरांच्या हाती पडलेलं काही उरत नाही. हजारो छापले, पोरांनी चघळले, होड्या केल्या, नाक पुसलं. जो अंक पोराच्या हाती कधी पडलाच नाही तो उरला. म्हणून त्याला किंमत."

"म्हणजे जो कुणाच्याच उपयोगी पडला नाही तो सगळ्यात भारी?"

"हो," तो म्हणाला. जराही न लाजता.

हे वेड असलेले आणखी चार-पाच म्हातारे होते. दर रविवारी सकाळी त्याच्या खोलीत जमायचे. हातात पांढरे मोजे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत कुणाचं तरी मोठं ऑपरेशन चाललंय. त्यांनी अंकांच्या तीन जाती केल्या होत्या: कोरा, बरा आणि मेलेला. पिनेला गंज चढला की बरा. पान दुमडलं की बरा. आणि कुणी आत पेन्सिलीनं एक रेघ जरी ओढली असेल, तर मेलेला.

पण मेलेल्याला उठवायची विद्या कवळीवाल्याकडे होती. मऊ खोडरबर किसणीवर किसायचं, तो भुगा पानावर पसरायचा आणि कापसाच्या बोळ्यानं अगदी हलके, गोल गोल फिरवायचं. खाली छपाईचा रंग हलता कामा नये, वरचं शिसं तेवढं उचललं गेलं पाहिजे. मग कवळीच्या बारीक ब्रशनं भुगा झटकायचा. एका ओळीला अर्धा तास लागायचा. ही विद्या त्यानं सगळ्यांना फुकट शिकवली. रविवारचे म्हातारे त्याला गुरुजी म्हणायचे. मी त्याला पानांचा न्हावी म्हणायचो.

त्याला एकच मुलगा. बारक्या. नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यात. बारक्या आठ वर्षांचा असेल तेव्हाची गोष्ट. घरात कॉमिकचं काचेचं कपाट, आणि कपाटाला नियम: हात धुतल्याशिवाय जवळ यायचं नाही, आणि धुतले असले तरी हात लावायचा नाही. संध्याकाळी कवळीवाला घरी यायचा, जेवायचा, मग भिंग घेऊन कपाटापुढे बसायचा. एकेक अंक काढायचा, एकेक पान भिंगातून न्याहाळायचा. कुठे डाग, कुठे वळ. बारक्या मागे उभा राहून "बाबा" म्हणायचा. हा म्हणायचा, "थांब." पोरगं थांबायचं. मग जायचं.

वाईट बाप होता असं मी म्हणणार नाही. त्यानं पोराला कधी चापट मारली नाही. फी वेळेवर भरली, आजारपणात रात्री जागला. पण त्याला जवळून बघायची सवय होती ती वस्तूंना. माणसाकडे बघताना त्याची नजर दातांवर जायची आणि तिथंच थांबायची.

एक दिवस भिंग हातात असताना त्याला चौथ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिल दिसली. मग पाचव्यावर. मग पुढच्या अंकात. एकूण एकतीस अंक. पोरगा दुपारी आई झोपली की कपाट उघडून सगळीकडे बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवत होता. वहिनींनी मला सांगितलं की तो ओरडला नाही, नुसता खुर्चीत बसला. कपाटाला कुलूप आलं. आणि पुढचे चार महिने संध्याकाळी तो खोडत बसला. रोज दोन ओळी, तीन ओळी.

एकतीसमधला एक अंक मात्र त्यानं हातात घेतला नाही. तो एकेचाळिसावा. छापखान्यात त्या दिवशी निळी शाई संपली होती की काय, पण त्या प्रतीत कप्तानाचा कोट पिवळाच आला होता. एक तर चुकीचा छापलेला, त्यात पोरानं पानोपान खरडलेला. असला दुहेरी मेलेला अंक कोण चार महिने खोडणार? रविवारच्या मंडळात पोस्टमास्तर होते, ते म्हणाले, "टाकून देताय तर मला द्या." यानं दिला. बदल्यात पोस्टमास्तरांनी चहा पाजला, आणि तोही सहा जणांत तीन कप, कारण त्यांचा हात तसा आखडताच. कपाटातल्या रिकाम्या जागी कवळीवाल्यानं पुढे निळ्या कोटाचा दुसरा एकेचाळिसावा आणून लावला.

मग दहा-बारा वर्षांनी कुठून तरी बातमी आली की पिवळ्या कोटाच्या प्रती मोजून पंधरा-वीसच बाहेर पडल्या होत्या. झालं. कालपर्यंत जी चूक होती ती एका रात्रीत रत्न झाली. पोस्टमास्तरांना रस्त्यात माणसं गाठायला लागली. आणि ते प्रत्येक रविवारी, न चुकता, चहा आला की म्हणायचे, "गुरुजी, चहावरून आठवलं." सगळे हसायचे. मी सगळ्यांत जास्त हसायचो, आणि सोमवारी गल्लीला हसवायचो. कवळीवाला फक्त मान हलवायचा.

बारक्या मोठा झाला. विजेच्या फिटिंगचं काम शिकला, दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. रविवारी आईला फोन करायचा, अर्धा तास बोलायचा. मग फोन बापाकडे यायचा. "बरे आहात ना?" "हो. तू?" "बरा." फोन परत आईकडे. भांडण नव्हतं. भांडायला आधी काहीतरी बोलावं लागतं.

एकोणतीस वर्षांचा होता. ताप आला, तीन दिवस अंगावर काढला, भाड्याच्या खोलीत एकटाच. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. हे दोघं गाडीत असतानाच फोन आला.

दोन महिन्यांनंतरची ती दुपार. मी त्यांच्या घरी बसलो होतो. तिथं काही बोलायला लागायचं नाही म्हणून मी जायचो. मला गप्प बसणं हवं होतं, कधी नव्हे ते. वहिनी जमिनीवर बसून बारक्याची पिशवी परत एकदा उपसत होत्या. चार शर्ट, पक्कड, टेस्टर, फोनचा चार्जर, डबा. सगळं बाहेर काढायचं, सगळं परत आत.

"काय शोधतेयस?" कवळीवाल्यानं विचारलं.

"त्याच्या हातचं काही."

"काय हातचं?"

"लिहिलेलं. एक चिठ्ठी नाही, एक यादी नाही. सगळं फोनवर टाइप केलेलं. ते काय, कुणीही केलं तरी तसंच दिसतं." त्यांनी टेस्टर पुसून परत पिशवीत ठेवला. "मी त्याला हात धरून शिकवलं होतं. असा दाबून लिहायचा की टोक मोडायचं."

"शाळेच्या वह्या?"

"घर बदललं तेव्हा मीच रद्दीत घातल्या. सामान फार झालं होतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "कॉमिकचं कपाट तेवढं चार माणसं लावून आणलं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. त्यांनी हे अगदी साधं सांगितलं, टेम्पोचं भाडं सांगावं तसं. मग म्हणाल्या, "त्याच्यात लिहिलं होतं त्यानं, लहानपणी. एखादं राहिलं असेल का हो?"

कवळीवाला उठला. कपाटाचं कुलूप काढलं. ते तीस अंक त्यानं एका बाजूला वेगळे लावले होते, कारण आपण साफ केलेलं त्याला माहीत हवं असायचं. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पाकिटात, कडा चिकटवून बंद केलेला. ही पाकिटं फोडली की किंमत उतरते. त्यानं मेण कापायचा चाकू आणला आणि एकेक पाकीट सरळ कापत गेला. दिवा ओढला, भिंग घेतलं. एक पान बघायचा, वहिनींकडे सरकवायचा. त्या बोट फिरवत बघायच्या. मीही बघितलं. तीस अंक, प्रत्येकी चोवीस पानं. चार वाजले, पाच वाजले. एक टिंब नाही. एक वेलांटी नाही. माणसानं आयुष्यात केलेलं सगळ्यांत चोख काम तिथं पसरलेलं होतं.

"किती स्वच्छ केलंत," वहिनी म्हणाल्या.

त्यानं भिंग खाली ठेवलं.

"काय लिहिलं होतं त्यानं?"

"माहीत नाही."

"चार महिने रोज बसत होतात."

"अक्षर बघत नव्हतो ग मी," तो म्हणाला. "शिसं बघत होतो."

खरं होतं ते. त्यानंच रविवारी सगळ्यांना शिकवलं होतं. खोडताना शब्द वाचायचा नाही, वाचलात की हात घाईला येतो. डाग म्हणून बघायचं. प्रत्येक ओळीशी अर्धा अर्धा तास घालवलेला माणूस, आणि एक शब्द त्याला ठाऊक नव्हता.

मग एकदम तो म्हणाला, "पिवळा."

पोस्टमास्तरांचं घर चार दारं सोडून. आम्ही दोघं चपला अर्ध्या घालूनच निघालो. जिन्यात तो मला म्हणाला, "मी तो खोडला नव्हता. तसाच दिला होता. चोवीस पानं आहेत त्याच्यात, पानोपान लिहिलेलं." त्या दोन महिन्यांत त्याचा आवाज पहिल्यांदाच असा वर आला होता.

पोस्टमास्तरांनी दार उघडलं. कवळीवाल्यानं 'नमस्कार' नाही, 'कसे आहात' नाही. "तो पिवळा अंक दाखवा."

"बसा तरी. दाखवतो ना." त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी गुरुजी वरमले. आतून डबा आणला, मोजे चढवले, अंक टेबलावर ठेवला आणि बाजूला सरले, नव्या नवरीचा चेहरा दाखवावा तसे.

कवळीवाल्यानं पहिलं पान उघडलं. दुसरं. पाचवं. मग भराभर.

पानं कोरी होती.

"काय?" पोस्टमास्तर म्हणाले. "आहे का कुठे खूण? भाव चढल्यावर काढला मी साफ करायला. महिना गेला. तुम्ही शिकवलंत अगदी तस्सं. गोल गोल, हलक्या हातानं. चष्म्याचा नंबर वाढला माझा. सांगा, कुठे दिसतंय?"

"नाही दिसत," कवळीवाला म्हणाला. "उत्तम केलंय."

तो खुर्चीत बसला. मी पोस्टमास्तरांना खुणावत होतो की गप्प बसा, पण स्तुती झालेला माणूस कुठला गप्प बसतो. आणि इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोस्टमास्तरांनी पस्तीस वर्षं टपाल हाताळलं, आणि या गावात त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही कार्ड असं नसेल जे त्यांनी वाचलं नव्हतं. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाची बदली अडकली, सगळं पत्त्याआधी यांना कळायचं. मी त्यांचा मत्सर करायचो तो याचसाठी. गुरुजींचे सगळे नियम त्यांनी पाळले असतील, पण न वाचता खोडणं त्यांच्या जन्मात जमलं नसतं.

"पण पोरगा मोठा गमतीदार हो तुमचा," ते म्हणाले. "मी हसून हसून खोडलं. पहिल्याच पानावर, 'हात धुतले आहेत.' सातव्या पानावर काय, 'हात परत धुतले.'"

कवळीवाल्यानं मान वर केली.

"तुम्ही वाचलंत?"

"न वाचता कसं खोडणार?"

"सगळं?"

"सगळं. पाठच झालंय म्हणा ना." ते अंक आपल्याकडे ओढून पान दाखवत सांगायला लागले, अजून हसतच. "इथं बघा, बोट बुडते ना, त्याच्याखाली लिहिलेलं, 'बाबा, घाबरू नका. हा वाचतो.' इथं, 'बाबा, तुम्ही नुसती पानं बघता म्हणून गोष्ट मी सांगतो. हा चोर नाही, हा कप्तानाचा भाऊ आहे.' सगळी गोष्टच सांगितलीय तुम्हाला. इथं कोपऱ्यात, 'बाबा, इथे हसायचं.' आणि शेवटच्या पानावर, हे, या चौकटीखाली, 'बाबा, इथपर्यंत आलात की मला हाक मारा. मी गॅलरीत...'"

तिथं त्यांचा आवाज थांबला. तोंड तसंच उघडं राहिलं. मी आयुष्यात पोस्टमास्तरांना वाक्य अर्धं सोडताना बघितलं नव्हतं.

"आहे," त्यांनी कसंबसं पुरं केलं. "मी गॅलरीत आहे."

कवळीवाला शेवटच्या पानाकडे बघत होता. चौकटीखाली पांढरी जागा होती, बोटभर. कप्तान हसत होता, ऑक्टोपस चहा सांडत होता.

"घेऊन जा हो," पोस्टमास्तर म्हणाले. मोजे काढले त्यांनी. "माझ्या लक्षातच आलं नाही. तुमचाच आहे. घेऊन जा."

"फुकट नको."

"अहो, मीही फुकटच घेतला होता."

"म्हणूनच नको." त्यानं अंक उचलला. "तेव्हा मला किंमत कळली नव्हती. उद्या सकाळी हातगाडी पाठवतो. ब्याऐंशी अंक आहेत. सगळे कोरे. त्यानं एकालाही हात लावलेला नाही."

"आणि बाकीचे तीस?"

"ते कसे देऊ?"

लोक दुसऱ्या दिवसापासून जे हिशेब मांडत बसले ते याचे. बाजारात म्हणे त्या ब्याऐंशींना पिवळ्याच्या तिप्पट आले असते. असतील. पोस्टमास्तरांनी ती खोकी अजून उघडलेली नाहीत. त्यानंतर रविवारी चहा आला की ते दुसरं काहीतरी बोलायचे.

परत येताना आम्ही शेजारी शेजारी चालत होतो. मला एक गोष्ट आठवली होती आणि ती जिभेच्या टोकावर आली होती. वीस-एकवीस वर्षांपूर्वी, खोडकाम चाललेलं त्या दिवसांत, बारक्या मला याच रस्त्यावर भेटला होता. मी त्याला छेडलं होतं, "काय रे बारक्या, एवढं काय खरडलंस कॉमिकात?"

"बाबांना विचारा," तो म्हणाला होता. "त्यांनी सगळं वाचलंय. रोज वाचतात."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

मी हसलो होतो आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली होती. त्या पोराला जन्मभर वाटत राहिलं की बापानं वाचलं, एकतीस अंक वाचले, आणि हाक मारली नाही. हे मी कवळीवाल्याला सांगितलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे, पण हे राहिलं. आता कवळीवालाही हे ऐकायला उरला नाही, म्हणून लिहितोय.

घरी वहिनी भांडी विसळत होत्या. आम्हाला बघून तशाच आल्या. त्यांनी ओल्या हातांनी अंक घेतला. पिवळ्या कोटावर पाण्याचे चार थेंब पडले आणि पसरले. कवळीवाल्यानं बघितलं, पण हात पुढे केला नाही.

त्यांनी पानं उलटली. मग त्याच्याकडे बघितलं.

"याच्यातलंही खोडलं?"

"पोस्टमास्तरांनी. मी शिकवलं होतं."

त्या खाली बसल्या. तोही समोर बसला. मी उंबऱ्याशी चपला घालत होतो, निघावं की थांबावं ते कळत नव्हतं. त्यानं पहिलं पान उघडलं आणि सांगायला सुरुवात केली. कुठे काय होतं. हात धुतले आहेत. हात परत धुतले. हा चोर नाही, भाऊ आहे. प्रत्येक ठिकाणी तो बोट ठेवायचा, वहिनी तिथं आपलं बोट ठेवायच्या आणि थोडा वेळ ठेवून उचलायच्या. 'इथे हसायचं' ला त्या हसल्यासुद्धा, इतकंसं. शेवटचं पान आलं. तो थांबला.

"इथं काय होतं?"

"इथं..." त्यानं चौकटीखाली बोट ठेवलं. "बाबा, इथपर्यंत आलात की मला हाक मारा. मी गॅलरीत आहे."

वहिनींनी बोट तिथं ठेवलं. या वेळी उचललं नाही.

"मग मारा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आलात ना इथपर्यंत? मारा हाक."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. वेड्यासारखं काही नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर. पोरानं इतकं सांगून ठेवलंय आणि अजून केलं नाही, एवढंच होतं.

"बारक्या," तो म्हणाला. पुटपुटल्यासारखं, खाली बघत.

"असं नाही ऐकू जायचं त्याला," वहिनी म्हणाल्या. "या घरातही गॅलरीचं दार लावूनच बसायचा तो. मोठ्यानं मारा."

कवळीवाला उठला. गॅलरीच्या दाराशी गेला, कडी काढली, दार उघडलं. बाहेर दोरीवर वाळत घातलेला बारक्याचा एक शर्ट होता, वहिनी तो अजून दर आठवड्याला धुवायच्या. त्यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.